मेरेरिडच्या चुलीपुढचा टब

मी एक जुना, जस्ती पत्र्याचा टब आहे. वेल्समधल्या एका कोळशाच्या दरीत, इडवाल प्रॉसरच्या स्वयंपाकघरात मी आयुष्य काढलं. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. आठवलं तरी अजून मला शिसारी येते.

मेरेरिड ही इडवालची बायको; तिच्या लग्नाआधी तिच्या आईने मला बाजारातून आणलं, तेव्हा मी चांदीसारखा चकाकत होतो. मग इडवाल पहिल्यांदा खाणीतून आला आणि माझ्यात बसला. पाण्यावर काळी साय धरली. थुंकी, घाम, कोळशाची भुकटी, सगळं माझ्या अंगाला चिकटलं. पाठ मात्र तो धुऊ देत नसे. "पाठ धुतली की कणा कमजोर होतो," म्हणायचा. त्या पाठीवर मळाचे थर साचले होते. पुढे मुलगा एमलिन खाणीत जाऊ लागला. बापाच्या त्याच काळ्या पाण्यात मुलगा बसायचा. मेरेरिड चुलीवर हंडे तापवायची, उचलायची, ओतायची, आणि शेवटी मला परसात ओढत नेऊन उपडा करायची.

एका हिवाळ्यात ती पोटुशी होती. उकळता हंडा उचलताना तिच्या पोटात कळ आली आणि ती माझ्या काठावर कोसळली. मूल गेलं. शेजारच्या ओल्वेनने तिला वरच्या खोलीत निजवलं. आणि मित्रांनो, त्याच संध्याकाळी ओल्वेनने हंडे तापवले आणि इडवाल माझ्यात बसला. खाऊन-पिऊन, अंग धुऊन मग तो वर गेला. माझ्या पत्र्याला त्या दिवशी जी किळस आली, ती कशानेच निघाली नाही.

वर्षभराने खाणीच्या तोंडाशी स्नानगृह बांधायचं ठरत होतं. गरम पाण्याचे फवारे, कपडे वाळवायची सोय. कामगारांची सभा झाली. सभेहून येऊन इडवाल माझ्यात बसला आणि म्हणाला, "हाणून पाडलं आम्ही! चारचौघांत नागडं व्हायचं म्हणजे काय? आम्ही काय जनावरं आहोत?"

"मी हात वर केला होता, बाबा," एमलिन म्हणाला.

"तुला लाज नाहीच!"

मेरेरिड चुलीकडे वळली. तिने हंडा उचलला.

मग गावच्या हॉलमध्ये एक नावाजलेला जुना बोलपट आला, आपल्यासारख्याच खाणवाल्या कुटुंबाचा. शनिवारी बापलेक बघून आले. सोमवारी कामावरून आला तरी इडवालचे डोळे भरत होते.

"अगं, काय आई होती ती! पांढराशुभ्र एप्रन, हसतमुख, चार पोरांना आंघोळीला पाणी देते! मला रडू आवरेना, मेरेरिड. अख्खा हॉल रडत होता. अशी बाई देवाघरचीच! ...पाणी कुठंय?"

"नाही तापवलं."

"म्हणजे?"

"पडद्यावरच्या बाईसाठी रडलास ना? जा, तिलाच सांग."

"थट्टा करतेस काय? मी कोळशाने माखलोय!"

"दिसतंय. हंडा तिथे आहे, नळ परसात आहे." ती खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. "माझं मूल या टबाच्या काठावर गेलं, इडवाल. तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं."

एमलिन उठायला लागला. "तू बस," ती म्हणाली. "त्याला करू दे."

इडवाल चरफडत पाणी आणायला गेला. चूल पेटवली, हंडा तापवला. तो उचलून तीन पावलं आला आणि धाप लागून मध्येच खाली ठेवला. मोठा दणकट गडी होता, मित्रांनो.

"एवढा जड असतो?" तो पुटपुटला.

"विचारलंस तरी. वीस वर्षांनी," ती म्हणाली.

पुढच्या सभेत स्नानगृहाचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा इडवालनेही हात वर केला. स्नानगृह झालं. सगळं चांगलं झालं, असं तुम्ही म्हणाल. पण उद्घाटनाच्या सकाळी इडवाल आरशासमोर भाषण घोकत होता: "आमच्या माउल्यांचे हाल आम्हाला पाहवेनात, म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून झगडलो!" मी भिंतीवर टांगलेला होतो. मला ओकता आलं असतं, तर मी ओकलो असतो.

"येतेस ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," मेरेरिड म्हणाली.

बापलेक गेल्यावर तिने दाराला कडी घातली. मला खाली उतरवलं, वाळूने घासघासून स्वच्छ केलं. मग अर्धे अर्धे हंडे, सावकाश, फक्त स्वतःसाठी तापवले. इतक्या वर्षांत ती माझ्यात कधी बसलीच नव्हती. बाहेर बँड वाजत होता. ती गळ्यापर्यंत पाण्यात डोळे मिटून पडून राहिली. स्वच्छ पाण्यातून मला माझा तळ दिसत होता.

मित्रांनो, पडद्यावरच्या आईसाठी जरूर रडा. पण त्याआधी आपल्या घरातला भरलेला हंडा एकदा उचलून पाहा.