बुटातला मसुदा

उत्तर रखडवलेली पत्रं माझ्या आयुष्यात बरीच आहेत, पण लाज वाटते ती एकाच पत्राची. ते बालसहाय्य कार्यालयाकडून आलं होतं आणि मी ते शब्दकोशात ठेवून दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आपल्या दोन मुलांसाठी दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज केला होता, आणि शेजारी म्हणून माझं नाव दिलं होतं. मुलं आईजवळ राहतात, एवढंच मला कळवायचं होतं. तीस दिवसांत उत्तर टपालात टाकलं नाही, तर अर्ज रद्द.

जन्मभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाला दोन ओळी जड का जाव्यात? पण मला शंका आली. मुलं झोपतात वर, हे खरं; पण शाळा सुटली की माझ्याच टेबलापाशी असतात. हे लपवणं बरं का? म्हणून खुलासा लिहिला. खुलाशाला तळटीप जोडली. खाडाखोड झाली, की तो कागद मुलांना गणितं करायला द्यायचा आणि नवा घ्यायचा.

एकोणतिसाव्या दिवशी भर दुपारी शिंपीणबाई खाली आल्या. गळ्यात टेप, एका हातात बूट, दुसऱ्या हातात चुरगळलेला कागद. मागे धाकटी, अनवाणी.

त्यांच्या घरात शाळेच्या बुटांचा जोड एकच. सकाळच्या शाळेतून भाऊ धावत यायचा आणि तेच बूट घालून बहीण दुपारच्या शाळेला पळायची. तिला ते मोठे व्हायचे, म्हणून पुढे कागद कोंबायची.

"काका, हे काय आहे?"

"कच्चा मसुदा," मी पुटपुटलो.

"कितवा?"

"अकरावा असावा."

"म्हणजे पत्र गेलंच नाही? मी रोज पोस्टमनची वाट बघतेय, आणि घोडं तुमच्या टेबलावर पेंड खातंय!"

"आजोबांचा कागद छान असतो आई, टोचत नाही," धाकटी म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण माझ्या हातून काही चुकलं असतं, तर तुमची मदत अडली असती."

"आता काय धावतेय? उद्या कापड आटेल म्हणून मी कात्रीच धरली नाही, तर गिऱ्हाइकानं उघडं फिरायचं का? लिहा, मी सांगते."

मी लिहिलं, 'दोन्ही मुलं आईजवळ राहतात. मी रोज पाहतो.' सही केली. खाली ताजा कलम लिहायला पेन टेकवलं, तोच त्यांनी कागद ओढून पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून टाकलं.

"एक वाजता पेटी उघडतात. चल गं, आजोबांना घेऊन जा. वाटेत पाकीट फोडायला लागले तर ओरड."

धाकटीनं अकरावा मसुदा पुन्हा बुटात कोंबला आणि आम्ही निघालो.

"पैसे आले की आधी काय घेणार?" मी विचारलं.

"दादाला बूट. हे माझेच राहू देत, सवय झालीय. पण कागद देत जा हं."

पेटीपाशी मी थबकलो. पत्ता बरोबर होता ना?

"आजोबा, घंटा होईल!"

मी डोळे मिटले आणि पाकीट आत सोडलं.