वजीरखाऊ

"म्हणजे मी पुन्हा हरायचं?" मशीनच्या पोटात हात घालून बसलेल्या मेकॅनिकने वर न बघताच विचारलं.

"पुन्हा नाही हो. तेव्हाचंच हरणं. फक्त लोकांसमोर," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"तेव्हासुद्धा लोक होतेच की."

"होते, पण माईक नव्हता."

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात एकच स्टूल होतं आणि त्यावर कुणाच्या तरी मशीनचं झाकण ठेवलेलं होतं, म्हणून डॉक्टर उभेच होते. ते जिल्हा बुद्धिबळ संघाचे सरचिटणीस. समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याच्याशी गप्पा मारण्यात आयुष्य गेल्यामुळे कुणी उत्तर देईल अशी त्यांची अपेक्षाच नसे.

संघाने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जिल्ह्यातल्या बुद्धिबळाचं इतिहास दालन उभारलं होतं. समितीने वर्षभर घरोघर हिंडून जुने पट, मोहरे, चषक आणि फोटो गोळा केले. फोटोंतली निम्मी माणसं कोण, हे फोटो देणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. चषक घरच्या बायकांनी इतक्या मायेनं घासले होते, की विजेत्यांची नावं चकाकीबरोबरच निघून गेली होती. संघ कुणी स्थापन केला यावर दोन घराण्यांत अजून बोलणं बंद होतं, त्यामुळे पहिल्याच फलकावर "माहिती संकलित होत आहे" असं लिहून समितीने आपली कातडी वाचवली होती.

एका गोष्टीवर मात्र अख्ख्या जिल्ह्याचं एकमत होतं. ती म्हणजे 'तो' डाव. चित्रकलेच्या मास्तरांनी अंतिम फेरीत आपला वजीर काळ्या राजाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला, काळ्याने तो हत्तीने खाल्ला, आणि पुढच्या तीन खेळ्यांत दोन घोडे आणि एका उंटाने मिळून काळ्या राजाचा निकाल लावला. हा डाव पार परदेशातल्या मासिकात छापून आला होता. जिल्ह्याबाहेर कीर्ती गेलेली ती एकमेव गोष्ट. मास्तर आता हयात नव्हते, पण जिल्ह्यातलं कुठलंही पोर प्यादं सरळ चालतं हे शिकलं, की लगेच त्याला मास्तरांचा डाव शिकवत.

वजीर खाणारा होता हा मेकॅनिक. त्या संध्याकाळपासून त्याचं नाव वजीरखाऊ पडलं. दुकानाच्या पाटीवर खरं नाव होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा "श्री. वजीरखाऊ, सहकुटुंब" अशा येत आणि बिनचूक पोचत.

"फलकाचा मजकूर बघून ठेवा," म्हणत डॉक्टरांनी मोबाइल पुढे केला. "'येथे काळ्याने घोडचूक करून वजीर मारला.' कसं वाटतं?"

वजीरखाऊंनी तेलाचे हात फडक्याला पुसले. "घोडचूक लिहायलाच हवं का? 'वजीर मारला' एवढं पुरे की."

"अहो, तीच तर गंमत आहे!"

"मला दिसलं होतं, डॉक्टर. पुढचं सगळं."

"दिसतं हो. नंतर सगळ्यांनाच दिसतं," डॉक्टर मायेनं म्हणाले. "दाढ दुखायला लागली, की माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो, गोड कमी खायला हवं होतं. मग रविवारी चारला उद्घाटनाला या, तो डाव पुन्हा मांडायचाय. काकूंनाही आणा."

हरलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. जिंकलेला जे सांगतो तो इतिहास, आणि हरलेला जे सांगतो ती सबब.

पण त्याला खरंच दिसलं होतं. मास्तरांनी वजीर ठेवला तेव्हा सभागृहात सगळ्यांना वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. याने मात्र नीट पाहिलं. कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे सारलं, तर मास्तरांना वजीर गुमान मागे न्यावा लागणार, डाव बरोबरीत सुटणार, आणि सगळे जेवायला घरी जाणार. आणि वजीर खाल्ला तर? तर घोडा येणार, मग उंट, मग दुसरा घोडा, आणि त्याचा राजा स्वतःच्याच फौजेत गुदमरून मरणार. इतकं देखणं मरण त्याने कधी पाहिलं नव्हतं. मशीन उघडल्यावर आतलं चाक फिरताना बघितल्याशिवाय झाकण लावता येत नाही, हा त्याचा धंद्यातला दोष. त्याने वजीर खाल्ला.

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही लग्न झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर उपयोग झाला असता, कारण तिच्या वडिलांनी महिनाभर होकार अडवून धरला होता. "पुढ्यात येईल ते खाणारा माणूस, संसार काय करणार?" असं त्यांचं म्हणणं.

"घोडचूक?" जेवताना तिने वाढायचा डाव हवेतच थांबवला. "भिंतीवर? रंगात?"

"छापील आहे."

"म्हणजे नातवंडं शाळेबरोबर तिथे जाणार आणि वाचणार, आमचे आजोबा घोडचूक. ते काही नाही. रविवारी तो माईक हातात घ्यायचा आणि सांगून टाकायचं. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी उठेन."

"तुला बुद्धिबळ कुठे येतं?"

"मला तुम्ही पाठ आहात. तेवढं पुरे."

रविवारी तो ठेवणीतला कोट घालून निघाला. वाटेत बायकोने तीनदा आठवण केली, आणि खरं सांगायचं तर आता त्यालाही सांगायचंच होतं. हयातभर लोक हसले, तो त्यांच्यात हसला, पण भिंत काही हसण्यावारी नेता येत नाही. भिंत आपल्यामागेही उभी असते.

दालन गच्च भरलं होतं. मधोमध टेबल, त्यावर मूळ पट, आणि मास्तरांच्या खुर्चीत मास्तरांची मुलगी. ती पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती. वडील गेल्यापासून तिने पटाला हात लावला नव्हता, हे ती बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती त्यावरूनच कळत होतं.

"काका, मी चुकले तर सांगा हं," ती म्हणाली.

"तू चुकलीस तर मी जिंकेन. डॉक्टर तुला घरी जाऊ देणार नाहीत."

ती हसली आणि डाव सुरू झाला. डॉक्टर भिंतीवरच्या मोठ्या पटावर खेळ्या लावत माईकवर बोलत होते आणि दर दोन खेळ्यांनी संघाच्या देणगी योजनेकडे वळत होते. तिचा हात हळूहळू सुटा होत गेला. घोडा उचलण्याआधी त्याच्या मानेवरून बोट फिरवायची मास्तरांची लकब होती, ती तिने उचललेली दिसली. मग तिने वजीर उचलला आणि काळ्या राजाच्या उंबरठ्यावर ठेवला.

"अहाहा!" सभागृह एका आवाजात म्हणालं. शेवट ठाऊक असून म्हणालं.

आता त्याची खेळी. तो थांबला. दुसऱ्या रांगेत बायको खुर्चीच्या कडेला सरकलेली त्याला दिसली. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा विसरला. ते माईकवरून म्हणाले, "वजीर... वजीर खायचा आहे!" लोक हसले.

त्या हशात मुलगी पुढे वाकली. "काका, एक विचारू? कोपऱ्यातलं प्यादं पुढे टाकलं असतं तर?"

त्याने चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता.

"बाबांना ते दुसऱ्या दिवशी सापडलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यासारख्या माणसाला ते दिसलं नसेल हे त्यांना कधी पटलं नाही. तुम्ही इतकी वर्षं दर शनिवारी घरी खेळायला यायचात, पण त्यांना विचारायचा धीर झाला नाही. मला म्हणायचे, त्याला दिसलं असेल, तर तो डाव माझा नाही, त्याने मला दिलेला आहे. खरं सांगा काका. तुम्हाला दिसलं होतं ना?"

बायको सोडली तर अख्ख्या जिल्ह्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून विचारत होतं. माईक चार पावलांवर होता. त्याने पटाकडे पाहिलं. पांढरा वजीर उंबरठ्यावर एकटा उभा होता, मागे कुणी नाही, परतीची हमी नाही. असा वजीर आणून ठेवायला छाती लागते. ती मास्तरांची होती. आपण फक्त दार उघडलं.

"छे गं," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पुढ्यात आला, खाल्ला."

तिने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं आणि ती इतकी मोकळी हसली, की डॉक्टर देणगीचा आकडा विसरले. त्याने हत्ती उचलला आणि दिमाखात वजीर खाल्ला. घोडा आला, उंट आला, दुसरा घोडा आला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बायको उठायच्या बेतात होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं, आणि परत खाली बसून पदर सारखा केला. लग्नानंतर इतक्या गर्दीत ती पहिल्यांदाच काही न बोलता बसली असावी.

खरी अडचण पुढे आली. डॉक्टरांनी जाहीर केलं, की आता प्रत्येकाला मास्तरांच्या खुर्चीत बसून तो डाव खेळता येईल. पांढऱ्या बाजूला जिन्यापर्यंत रांग लागली. काळ्या बाजूला कुणीच नाही. बँकेचे मॅनेजर, शिंपी, शाळेतली पोरं, स्वतः डॉक्टर, सगळ्यांना वजीर द्यायचा होता, घ्यायला कुणी तयार नव्हतं. समितीने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. डॉक्टर माईकवर हात ठेवून कुजबुजत स्वयंसेवक शोधू लागले.

वजीरखाऊंनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि ते पुन्हा बसले.

ते संध्याकाळभर हरले. प्रत्येकाचा वजीर त्यांनी वेगळ्या रुचीने खाल्ला. कुणाचा आश्चर्याने, कुणाचा हावरटासारखा, एका लहान मुलीचा तर "अगं, फुकट?" असं विचारून. बायको शेजारी स्टूल घेऊन बसली आणि मेलेले मोहरे परत जागेवर लावून द्यायला लागली. तासाभरात तिचे घोडे आणि उंट चुकायचे थांबले.

दालन रिकामं झालं तेव्हा वाचनालयाचा शिपाई किल्ल्या घेऊन दारात घुटमळत होता.

"बसा," वजीरखाऊ म्हणाले.

"मला येत नाही, साहेब."

"येणाऱ्यांचं झालं. बसा. मी सांगतो तसं करा." आणि खेळ्या सांगत सांगत त्यांनी त्याला तिथवर आणलं. "आता वजीर उचला. हां, तोच. इथे ठेवा."

"इथे?" शिपाई दचकला. "तुम्ही खाल ना!"

"खाणारच."

"मग ठेवू कशाला?"

"ठेवून तर बघा."

शिपायाने किल्ल्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी वजीर नेऊन ठेवला. वजीरखाऊंनी तो खाल्ला. मग घोडा, मग उंट, मग दुसरा घोडा. काळा राजा आपल्याच माणसांत अडकला.

"मी केलं हे?" शिपाई म्हणाला.

"मग कोणी?"

त्यांनी आपला राजा अलगद आडवा केला. शिपाई पटाकडे बघत राहिला होता. वजीरखाऊ शिपायाकडे.