जुनी म्हणून विकलेली पर्स

थोरलीच्या नाकावर राग असतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि तो तिला शोभतो असंही लोक म्हणत. दुकान दोघी बहिणींचं. जुन्या पर्सा, पट्टे, ब्रोच, स्कार्फ, चापाची कानातली, असा सगळा कुणीतरी आधी मिरवून सोडलेला माल. धाकटी तो हिंडून गोळा करून आणायची. थोरली तो धुऊनपुसून, शिवून, घासून उभा करायची आणि विकायची. खरं सांगायचं तर विकायला नकार द्यायची, म्हणून गिऱ्हाइकं पाठीमागे तिला नकारबाई म्हणत.

कुणी पर्स हातात घेतली की उलटतपासणी सुरू. कुठे नेणार? आत काय काय ठेवणार? घरी किती आहेत? एकीने तीन आहेत म्हणून सांगितलं, तर थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "मग चौथी कशाला? खांदे दोनच दिसतात मला." बाई हसत हसत रिकाम्या हाताने गेली आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन आली. जुना कोट टाकून नवा घ्यायला निघालेल्या बाईच्या कॉलरवर थोरली एक ब्रोच खोचायची, तिला आरशासमोर उभी करायची आणि सांगायची, "घ्या, झाला नवा. आता वाचलेल्या पैशात ती दुखरी दाढ दाखवून या."

दुकानात येणाऱ्या बायका नोकऱ्या करणाऱ्या, घरभाडं भरून उरेल त्यात भागवणाऱ्या. वस्तू आवडली आणि पैसे कमी पडत असले तर थोरली ती वरच्या फळीवर ठेवून द्यायची, आगाऊ काही न घेता. नाव विचारायची नाही. फळीवर नुसतं 'टायपिस्ट', 'दवाखान्यातली', 'मुलांच्या वाचनालयातली' असं लिहिलेलं असायचं. आणि प्रत्येक वस्तूला तिच्या हातची चिठ्ठी. 'अस्तर मूळचं. पट्टा मी बदलला. कोपऱ्यावर डाग आहे, तो जाणार नाही. नीट वापरलीत तर वीस वर्षं.' बायका वस्तूआधी चिठ्ठी वाचत. कित्येकींनी तर नुसत्या चिठ्ठीवर पर्स घेतली.

पर्स खरोखर जुनी आहे की नाही हे ती खटक्यावरून ओळखायची. डोळे मिटून पितळी खटका तीनदा उघडायचा, तीनदा लावायचा. जुन्या पितळेचा आवाज जाड असतो, नव्याचा पत्र्यासारखा, असं तिचं म्हणणं, आणि ते वीस वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. अलीकडे तिला जवळचं नीट दिसत नव्हतं, पण चष्म्याचं नाव काढलेलं तिला खपायचं नाही. कान शाबूत आहेत ना, मग झालं. ज्या पर्सेला दुरुस्ती लागायची ती उसवून बघितली जायची. जी धडधाकट आली ती खटका वाजवून, चिठ्ठी बांधून थेट फळीवर.

अशा धडधाकट पर्सा गेल्या चार महिन्यांत बऱ्याच आल्या होत्या. धाकटीचं नशीब फळफळलं म्हणून थोरली खूश होती. म्हणजे तिच्या पद्धतीने खूश. "उशिरा का होईना, अक्कल आली माल निवडायची," एवढंच म्हणाली होती.

त्या दुपारी टायपिस्ट आली. वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून आणलेलं, आणि चेहरा असा की शाळेत बाईंच्या खोलीबाहेर उभी केली आहे.

"ताई, रागावू नका," तिने दारातूनच सुरुवात केली.

तिने पुडकं सोडलं. आत महिन्यापूर्वी घेतलेली तपकिरी पर्स होती. एका बाजूचा पट्टा मुळासकट निघालेला, सोबत कडेचा एक तुकडाही आलेला. रंग ठिकठिकाणी उडालेला.

"भिजवलीत ना?" थोरली कडाडली. "सांगितलं होतं का नव्हतं? चामडं आहे ते, छत्री नाही! आणि जड काहीतरी कोंबलं असणार आत. तुम्हा मुलींना वस्तू वापरायची म्हणजे फक्त ओरबाडायची माहीत. पन्नास वर्षं टिकलेली पर्स तुम्ही एका महिन्यात संपवलीत."

टायपिस्ट मान हलवत राहिली. नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, म्हणाली. पुलावर जरासा पाऊस लागला, पाचच मिनिटं. कचेरीच्या पायऱ्यांवरच पट्टा तुटला आणि नव्या साहेबांच्या पायाशी सगळं सांडलं. किल्ल्या, कंगवा, डबा, औषधाच्या गोळ्या, सगळं. कोटावर तपकिरी रंग उतरला तो धुऊनही निघाला नाही.

"मी कोरड्या कापडाने पुसत होते रोज, तुम्ही सांगितलं तसं," ती म्हणाली. "पण माझंच काहीतरी चुकलं असणार. एवढी चांगली वस्तू दिलीत तुम्ही. मला फक्त माफी मागायची होती."

थोरलीने आणखी चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि सवयीने फाटलेल्या कडेत बोट घातलं. बोटाला भुसभुशीत लगदा लागला. चामड्यात लगदा नसतो.

ती पर्स घेऊन दारातल्या उजेडात गेली. डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली, शेवटी आरीने कड उचकटली. वर रेक्झिनचा पातळ पापुद्रा, खाली पुठ्ठा. अस्तर चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं. दोरा नायलॉनचा, मासळीच्या पोटासारखा चकाकणारा. फक्त खटका जुना होता. अगदी खरा, जाड आवाजाचा, जुना. त्याच्या आतल्या बाजूला कानशीचे तीन ओरखडे होते, आणि ते तिचे स्वतःचे होते. मोडीत निघालेल्या पर्सेचा खटका काढून कधीतरी लागेल म्हणून मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आधी ती तो असाच घासून साफ करायची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायपिस्ट अजून मान खाली घालून उभी होती, हे बघून तर आणखीच.

"तुमचं काही चुकलं नाही," थोरली म्हणाली. हे वाक्य त्या दुकानात तिने कुणाला म्हटल्याचं कुणाला आठवलं नसतं. "ही पर्स खोटी आहे. मी खोटी पर्स दिली तुम्हाला, आणि वर आत्ता बोलले."

टायपिस्टला आधी कळेचना. मग तिने पर्सेकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठी तिने जपून ठेवली होती, आतल्या कप्प्यात. 'सगळं मूळचं. नीट वापरलीत तर वीस वर्षं.'

"दुसरी घ्या. फळीवरची कुठलीही घ्या," थोरली म्हणाली.

"नको, ताई. राहू द्या." ती अगदी सभ्यपणे बोलली. "मी बाजारातून नवीच घेईन एखादी."

ती गेल्यावर थोरलीने फळीवरच्या धडधाकट पर्सा खाली ओढल्या आणि एकामागून एक उसवल्या. पाच होत्या. पाचही पुठ्ठ्याच्या. मागचा डबा उघडला तर तळाला दोन मोडके खटके उरले होते.

धाकटी संध्याकाळी आली ती हातात पिशवी आणि तोंडात गाणं घेऊन. टेबलावरचा पसारा बघून तिचं गाणं बंद पडलं.

"कोण शिवतं?" थोरलीने विचारलं.

"बस थांब्यामागचा बॅगवाला."

"आणि माझे खटके तू नेऊन देतेस. माझ्या डब्यातले."

"हो."

"लाज नाही वाटली? त्या पोरीने पायऱ्यांवर सांडलेल्या गोळ्या वेचल्या आणि इथे येऊन माझीच माफी मागितली! माझी! आणि मी तिला फाडून खाल्लं!"

"ते तू रोजच खातेस कुणाला तरी," धाकटी म्हणाली. मग पिशवी खाली आपटून तीही पेटली. "जुन्या पर्सा कुठे आहेत, ताई? सांग ना, कुठे आहेत? मोठ्या काचा लावलेल्या झगमगीत दुकानवाल्यांना जुन्याचं वेड लागलंय. भंगारवाल्याच्या दारात त्यांची गाडी माझ्याआधी उभी असते. आपण जी पर्स टायपिस्टला देतो ना, ती तिथे आता तिच्या तीन पगारांत येत नाही. त्यांना ती हौस म्हणून हवी आहे, एका फोटोपुरती! आणि तू इथे बसून सांगतेस, भाव वाढवायचा नाही, बाईला परवडलं पाहिजे, फळी रिकामी दिसता कामा नये. आणू कुठून? माझ्या पोटातून काढू?"

"मग नाही म्हणून सांगायचंस मला."

"सांगितलं होतं. तीनदा. तू म्हणालीस, तुला शोधायचा कंटाळा आहे."

थोरलीला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला, आणि म्हणून ती अधिकच चिडली.

"मला फसवायची हिंमत कशी झाली तुझी?"

"तुला फसवणं सगळ्यात सोपं होतं," धाकटी म्हणाली. "खटका जुना असला की झालं. बाकी तू बघतच नाहीस. पहिल्यांदा आणली तेव्हा मला वाटलं, आता ओळखशील, आता पर्स माझ्या डोक्यात घालशील. मी वाट बघत होते. तू डोळे मिटलेस, तीनदा वाजवलीस आणि म्हणालीस, वा, काय आवाज आहे."

थोरलीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. हात उगारावासा वाटला, आणि कुणावर उगारावा ते कळेना. तिला त्या झगमगीत दुकानवाल्यांचा राग आला, बॅगवाल्याचा आला, समोर उभ्या असलेल्या या बहिणीचा तर आलाच आला. पण चिठ्ठ्या बॅगवाल्याने लिहिल्या नव्हत्या, धाकटीनेही नाही. अक्षर तिचं होतं.

"किती विकल्या?"

"सतरा."

सतरा बायका. एकीचं नाव माहीत नाही, पत्ता नाही. पट्टे तुटतील तेव्हा त्याही तिची माफी मागायला येतील, किंवा कुठे तरी पायरीवर वाकून सामान वेचतील आणि स्वतःलाच बोल लावतील, कारण नीट वापरलीत तर टिकेल असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे. हा विचार थोरलीला सहन होईना.

तिने टायपिस्टची फाटकी पर्स उचलली, पोट बाहेर काढून दुकानाच्या दर्शनी काचेत मधोमध टांगली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही मी जुनी म्हणून विकली. ही नवी आहे आणि खोटी आहे. अशा सतरा विकल्या. चूक माझी. ज्यांनी चार महिन्यांत पर्स घेतली असेल त्यांनी परत आणावी.'

"दुकान बुडेल," धाकटी म्हणाली.

"बुडू दे."

"अगं, निदान माझं नाव लिही. चूक माझी काय चूक माझी! मी केलंय ते."

"तुझं नाव वाचून कुणी पर्स घेतली नव्हती," थोरली म्हणाली आणि पुठ्ठा काचेला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी बायका काचेपाशी थांबत, वाचत, एकमेकींकडे बघत आणि पुढे जात. दोघीतिघी आत आल्या, पुठ्ठ्याच्या पर्सा टेबलावर टाकून पैसे घेऊन गेल्या. त्यांतल्या एकीने थोरलीला बरंच सुनावलं. थोरलीने ऐकून घेतलं. तिला ते जवळजवळ बरं वाटलं.

दुपारी बँकेच्या दारावर पहारा देणारी बाई आली. गणवेशातच होती. तिच्यामागे आणखी दोघी होत्या. तिने खांद्यावरची लहानशी गर्द लाल पर्स काढून टेबलावर ठेवली. थोरलीने लांबूनच ओळखली. दोन वर्षांपूर्वीची. हाताने शिवलेली, असली शिवण घालणारा कारागीर आता शोधून सापडणार नाही. ती विकताना थोरलीच्या जिवावर आलं होतं.

"ही खरी आहे," थोरली म्हणाली. "चार महिन्यांतल्या होत्या त्या खोट्या. ही दोन वर्षांपूर्वी नेलीत तुम्ही."

"तेव्हाही तुम्ही खरी आहे असंच म्हणाला होतात."

"कारण खरी आहे."

"ते त्या काचेतल्या पर्सेबद्दलही म्हणाला होतात ना?" पहारेकरीण शांत होती. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "उघडून दाखवा."

"अहो, ही शिवण एकदा उसवली की तशी परत घालता येत नाही. मलाही नाही येत. खराब होईल."

"होऊ दे. मला बघायचंय आत काय आहे."

"खरंच खरी आहे हो ती," दारापाशी उभी असलेली धाकटी बोलली. "मी स्वतः आणली होती." पहारेकरणीने वळून तिच्याकडे नुसतं बघितलं.

थोरलीची कानशिलं तापली. वीस वर्षं! वीस वर्षं या बायकांना उगाच खर्चापासून वाचवलं, विकायचं सोडून परत पाठवलं, आणि आज ही माझ्या तोंडावर सांगते की फाडून दाखव. तिला ओरडायचं होतं. चालते व्हा म्हणायचं होतं. पण ती बाई जे मागत होती त्यात एक अक्षर वावगं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त चीड त्याचीच येत होती.

तिने कात्री घेतली. मेणाचा जुना दोरा सहजासहजी तुटला नाही. चार टाके गेले, आठ गेले, आणि कड उघडली. आत अख्खं चामडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच लाल रंगाचं. पहारेकरणीने बोट घालून चोळलं, बोट नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं.

"हं. खरी आहे," ती म्हणाली. "शिवून द्या आता."

"ठेवून जा. नीट करायची तर वेळ लागेल. उद्या देते."

"नको. थांबते मी." तिने स्टूल ओढून टेबलाला लावलं आणि समोर बसली. "ठेवून नाही जाणार."

एरवी थोरलीने यावर तिची बोलती बंद केली असती. आज तिने फक्त पर्स आपल्याकडे ओढली आणि सुई हातात घेतली. मागच्या दोघी पुढे सरकल्या आणि टेबलावर आपापल्या पर्सा रिकाम्या करू लागल्या.