शेव्रिए आणि सांसूसी

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी फादरांनी रोझाल्बा शेव्रिए आणि ओनेझिम सांसूसी यांच्या लग्नाची शेवटची पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, केली आणि सवयीनं विचारलं, “कुणाची हरकत?”

“माझी आहे,” म्हणत रोझाल्बाचा काका एल्झेआर उभा राहिला. “ही दोघं एका रक्ताची आहेत.”

रोझाल्बानं झटकन मागे वळून पाहिलं. बाप गेल्यापासून काकाच घरचा कर्ता, आणि नदीपलीकडचा हा जावई त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत होता.

“आमचा मूळपुरुष राजाच्या फौजेत होता,” एल्झेआर सांगू लागला. “शेव्रिए हे आडनाव, सांसूसी, म्हणजे बिनघोर, हे फौजेतलं टोपणनाव. तेव्हापासून आमच्यात कुणी हे लावतो, कुणी ते. माझ्या बापाचा सगळ्यात धाकटा भाऊ जोसेफ, माझ्याच बरोबरीचा, नदी ओलांडून गेला आणि नुसता सांसूसी झाला. हा पोरगा त्याचाच नातू. विचारा त्याच्या आजीला!”

ओनेझिम आजीला घेऊन त्याच सकाळी होडीनं आला होता. सगळ्या माना दोमितिल्द आजीकडे वळल्या. ती जागची हलली नाही.

“आजी, नाही म्हण ना,” ओनेझिम कुजबुजला.

“नाही कसं म्हणू? माझा नवरा त्याच घरातला.”

चर्चभर गलका उठला. रोझाल्बाची आई रडू लागली. फादर म्हणाले, “मग बिशपांची परवानगी आल्याशिवाय मला लग्न लावता येणार नाही.”

“येईल कशी? बिशपांकडे हरकत घेऊन मी स्वतः जाणार,” एल्झेआर म्हणाला.

रोझाल्बा बाकावरून उठली, सगळ्यांच्या देखत आजीसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. “आजी, तुम्ही घरातला म्हणालात. रक्ताचा नाही म्हणालात.”

म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, हे कुणाला सांगणार नाही असं मरताना त्यानं माझ्याकडून वचन घेतलंय गं.”

“मग मी काय करू?”

आजी काठीवर भार देऊन उभी राहिली.

“तापाच्या साथीच्या साली आयर्लंडहून जहाजं आली. आईबाप मेलेली पोरं फादर लोक घरोघर देत होते. शेव्रिएंचा स्वतःचा लहानगा जोसेफ नुकताच वारला होता. मेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायची आपली रीतच. त्यांनी ते या परक्या पोराला दिलं. पण गावची पोरं त्याला ‘मेल्याचा जोसेफ’ म्हणून चिडवायची. त्यात तूही होतास, एल्झेआर.”

एल्झेआर लालबुंद झाला. “खोटं! लग्नासाठी रचलेलं!”

“क्रूस आणा,” आजी म्हणाली. क्रूसावर हात ठेवून तिनं शपथ घेतली, तेव्हा मागच्या बाकावरून काकाचीच म्हातारी आत्या करवादली, “बस खाली, एल्झेआर! तो पोरगा आमच्या दारात आला तेव्हा मी तिथंच होते. त्याला आपली भाषाही येत नव्हती.”

एल्झेआर बसला नाही, तो सरळ दाराबाहेर चालता झाला.

ओनेझिमचा चेहरा मात्र उतरला होता. “मग आम्ही कोण, आजी? आमचं खरं नाव काय?”

“ते त्यालाही आठवत नव्हतं, बाळा. शेव्रिए त्या मेलेल्या पोराचं, म्हणून ते त्यानं या तीरावरच ठेवलं. सांसूसी तेवढं स्वतःहून घेतलं.”

फादरांनी खाकरून विचारलं, “तर लग्न कुठल्या नावानं लावू?”

रोझाल्बानं ओनेझिमचा हात धरला.

“सांसूसी,” तो म्हणाला.