पडद्यावर न पोचलेला खोकला

महाराजांची व्हिडिओ कॉलवरची सभा. पडद्यावर चौकटीच चौकटी आणि प्रत्येक चौकटीत जोडलेले हात. मधल्या चौकटीतले महाराज डोळे मिटून म्हणाले, "मी बसलो की व्याधी गप्प होते. ऐका."

आम्ही कान टवकारले. एका चौकटीत माझी चिमुरडी भाची आईच्या मांडीवर खोकत होती. खांदे उडत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आवाज मात्र काही केल्या येत नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाकीच्यांनी जयजयकार केला. दूरगावी नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ, तिचा बाप, आपल्या चौकटीत रडत होता. खोकला गेला, आता डॉक्टर नको, असं त्याने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

मी तडक त्याच्या इथल्या घरी गेले. खोकला जिन्यातच ऐकू आला. पोर तापाने फणफणली होती आणि भावजय तिची पाठ चोळत होती.

"हे म्हणतात, कॉलवर काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "महाराज म्हणतात, संशय माझ्याच कानांत भरलाय. ताई, मला भास होतात का हो?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. त्या भामट्याने तिला पार पोखरून टाकलं होतं.

मग तिने सांगितलं, की सभेआधी शिष्य प्रत्येकाला कॉलच्या सेटिंगमध्ये एक बरोबरची खूण करायला लावतात. तिचं नाव 'शांतिकवच'. मी सेटिंग उघडलं. कसलं कवच नि कसलं काय! तिथे सरळ लिहिलं होतं: आसपासचा गोंगाट कमी करा.

तासाभरातच पुढची सभा होती. तीत मी भाचीला मांडीवर घेऊन बसले आणि सगळ्यांदेखत ताट बडवलं. ऐकू आलं का, विचारलं. भाऊ गोंधळून नाही म्हणाला. म्हटलं, महाराजांनी ताटाचीही व्याधी घालवली वाटतं! आणि ती खूण काढून टाकली.

तेवढ्यात पोरीला ढास लागली. तो घरघरता खोकला घरोघरी घुमला. जोडलेले हात खाली आले. महाराज अश्रद्धेवर काहीतरी पुटपुटले आणि त्यांची चौकट काळी झाली.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "ही पुन्हा कधीपासून खोकायला लागली?"

"थांबली कधी होती?" भावजय म्हणाली.

सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. ते बोलणं ठेवतं, बाकीचं गाळतं. त्याला खोकला काय नि मिक्सर काय, सारखेच. पण आवाज गाळला म्हणून आजार जात नाही, बाबांनो. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला आधी विचारा.

आम्ही तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. भावजय त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, "तुम्हालाही ऐकू येतंय ना?"