दुसऱ्या भागात हादरे बसतात

विषय : दुसऱ्या भागात बसणाऱ्या हादऱ्यांबाबत.
संदर्भ : १) 'एक नियमित प्रेक्षक' यांचे दोन अभिप्राय. २) बॅटरीकाका यांचा सहीनिशी केलेला अर्ज.

महोदय, वरील विषयासंबंधी मी, चित्रपटगृहाच्या व्हरांड्यातली अभिप्राय पेटी, बोलतेय. भाषा कचेरीची वाटली तर सांभाळून घ्यावं. माझं बालपण कचेरीत गेलं.

एका सुतारानं कपाट करून उरलेल्या फळ्या जोडून मला केलं. तोंड बारीक, पोट मोठं, उजवीकडे कडी. कचेरीत माझ्या पोटावर 'तक्रार' असं लिहिलं होतं. अकरा वर्षं लोक माझ्या तोंडात चिठ्ठ्या टाकत राहिले आणि अकरा वर्षं माझी किल्ली कुणाला सापडली नाही. कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली तेव्हा कुलूप तोडून मला रिकामं केलं. सगळ्यात खालच्या चिठ्ठीत पंखा कुरकुरतो अशी तक्रार होती. तो पंखा कधीच भंगारात गेला होता आणि ज्यानं लिहिलं तो निवृत्त झाला होता.

जुन्या सामानाबरोबर मी थिएटरच्या मालकांकडे आले. पेंटरनं 'तक्रार' खरवडून काढलं, वर 'अभिप्राय' लिहिलं आणि मला खांबावर ठोकलं. समोर मॅनेजरसाहेबांची केबिन, डाव्या हाताला हॉलची तीन दारं. दारांवर पाट्या आहेत : पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग. खुर्च्यांचे हे तीन भाग मालकांच्या वडिलांनी पाडले. तेव्हापासून इथे 'भाग' म्हटलं की खुर्च्या, दुसरं काही नाही.

ही समजूत गेल्या महिन्यापर्यंत टिकली. मग तो हेराचा सिनेमा आला. बाहेर दोन मजली बॅनर लागलं आणि त्यावर हेराच्या चेहऱ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : भाग दुसरा.

पहिल्या भागात हा हेर हेलिकॉप्टरसकट दरीत पडून मेला होता. दुसऱ्यात तो पहिल्या दहा मिनिटांत जिवंत होतो, आणि केसही विंचरलेले असतात. माझ्या पोटात चिठ्ठ्यांचा पाऊस पडू लागला. 'मेलेला माणूस परत कसा आला, याचा खुलासा व्हावा.' 'गुप्तहेर म्हणे! लाल गाडी घेऊन भर बाजारातून फिरतो.' 'खलनायकाला सात भाषा येतात, तरी त्याला नीट नोकरी मिळाली नाही, याचं वाईट वाटलं.' 'पहिल्याइतका नाही, पण मारामारी भरपूर. पुन्हा येणार.' एकानं नुसतंच लिहिलं होतं, 'लेडीजमध्ये कडी नाही.'

दर सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेब मला उघडतात. बुकिंगच्या बाई चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात आणि साहेब त्यांचे गठ्ठे करतात. चांगल्यांचा एक, वाइटांचा एक, अक्षर न लागणाऱ्यांचा एक. चांगल्यांतली निवडक वाक्यं बाहेरच्या फळ्यावर 'प्रेक्षक म्हणतात' या मथळ्याखाली जातात आणि तोच गठ्ठा मालकांकडे जातो. वाइटांचा कुठे जातो ते मी विचारलेलं नाही.

आता बॅटरीकाका. अंधारात बॅटरी दाखवून माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. माणूस इतका हळू बोलतो की पडद्यावर कुणी कुजबुजत असलं तरी काकांचा अडथळा होत नाही. त्यांनी एक दिवस बॅटरी चुकून वर मारली आणि त्यांना दिसलं, की दुसऱ्या भागाच्या छताचा एक तक्ता पोट सुटल्यासारखा खाली आलाय. वर गच्चीत पाण्याची टाकी आहे आणि ती झिरपते. सिनेमात स्फोट झाला की तक्ता थरथरायचा आणि खुर्च्यांवर पांढरी पूड पडायची. या सिनेमात स्फोट बावीस आहेत. काकांनी मोजलेत.

ते केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"साहेब, छत बघून घ्यायला पाहिजे."

"काका, बॅटरी खाली मारायची असते. वर कशाला मारता?"

"चुकून गेली, साहेब."

"मग चुकूनसुद्धा मारू नका."

बाहेर आल्यावर बुकिंगच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचं-माझं कोण ऐकतंय? मालक फक्त प्रेक्षकांचं वाचतात."

बाई बोलून गेल्या, काकांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ सुरू झाल्यावर ते इकडेतिकडे बघत माझ्यापाशी आले. चिठ्ठी टाकताना त्यांचा हात माझ्या तोंडात अडकला. त्या चिठ्ठीत लिहिलं होतं : 'दुसऱ्या भागात हादरे बसतात. डोक्यावर काही कोसळेल की काय, अशी धास्ती शेवटपर्यंत राहते. जागेवर स्थिर बसवत नाही. मालकांनी नोंद घ्यावी. – एक नियमित प्रेक्षक.'

मी ती चिठ्ठी चार दिवस पोटात धरून बसले. वाटलं, सोमवारी सुटका होईल.

सोमवारी बाईंनी वाचली. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणतात रसिक. पहिल्या भागात नव्हते असे हादरे. घ्या फळ्यावर!"

"'मालकांनी नोंद घ्यावी' पण घेऊ?"

"ते नको. नोंद मालक घेतीलच."

बाईंचं बोट क्षणभर त्या कागदावर थबकलं, असं मला वाटलं. पण बाहेर तिकिटासाठी कुणीतरी काच वाजवत होतं. अर्ध्या तासात फळ्यावर रंगीत खडूनं अक्षरं उमटली : 'दुसऱ्या भागात हादरे बसतात! जागेवर स्थिर बसवत नाही!' साहेबांनी प्रोजेक्टरवाल्याला बोलावून सांगितलं, "लोकांना हादरे आवडतायत. आवाज दोन घरं वाढव."

काका फळ्यासमोर किती वेळ उभे होते ते मला दिसलं नाही. आत आले तेव्हा चेहरा त्या तक्त्यावरच्या पुडीसारखा झाला होता. त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि या वेळी आडपडदा ठेवला नाही : 'दुसऱ्या भागात छत खाली येईल. हे मी जबाबदारीनं लिहीत आहे.'

पुढच्या सोमवारी साहेब खुर्चीतून उठलेच. "छत खाली येईल म्हणतोय! टाळ्या-शिट्ट्यांनी! आणि वर जबाबदारीनं!" फळ्यावर ते वाक्य लाल खडूनं लिहिलं गेलं. आवाज आणखी एक घर वाढला. आता आत स्फोट झाला की माझी कडी आपोआप वाजायची. मला दात असते तर तेही वाजले असते.

काकांच्या घरची माणसं कधी सिनेमाला यायची नाहीत. पण हेर मेला त्या दिवशी काकी घरी टीव्हीसमोर रडल्या होत्या, आणि तो जिवंत आहे हे कळल्यापासून त्यांनी काकांचं डोकं खाल्लं होतं. शनिवारी डबा द्यायला आल्या त्या धाकट्या बहिणीला घेऊनच.

"अहो, उद्याचे पास काढले ना?"

"काढले. पण मी काय म्हणतो, तुम्ही दोघी पहिल्या भागात बसा."

"पहिला भाग मी तीनदा बघितलाय! मला दुसरा बघायचाय."

"अगं, खुर्च्यांचं बोलतोय मी."

"खुर्च्या बघायला येतेय का मी? खुर्च्या घरी आहेत."

"भाओजी, ताईला बघू द्या हो," मेहुणी म्हणाली. "फळ्यावर काय लिहिलंय वाचलंत ना? छत खाली येईल म्हणे!"

एकतीस वर्षं हळू बोलणाऱ्या माणसाला एकदम ओरडता येत नाही. काकांनी काढलेले पास काकींच्या हातात होते. कर्मचाऱ्यांचे पास बाई दर वेळी एकाच ठिकाणचे फाडतात : दुसरा भाग, सातवी रांग, अकरा आणि बारा. तक्ता बरोबर त्यांच्यावर होता. पहिल्या भागात रविवारी एक खुर्ची शिल्लक नव्हती.

रविवारी काका खेळाच्या तासभर आधी आले. गोदामातून दोरी आणली आणि सातव्या रांगेभोवती गुंडाळली. त्या रांगेची तिकिटं असलेली माणसं आली तशी त्यांना सांगू लागले, "खुर्च्यांना रंग दिलाय, ओला आहे." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे प्रत्येकाला वेगळा रंग सांगत होते. कुणाला कँटीनच्या घडीच्या खुर्च्या दिल्या, कुणाला तिसऱ्या भागात कोंबलं. काकी आणि मेहुणीला दाराशी दोन स्टुलं मिळाली.

"नवरा थिएटरात कामाला आणि बायको स्टुलावर," काकी दारातूनच म्हणाल्या. "हेराच्या घरी तरी असं नसेल."

"बस गं. हात जोडतो."

दार लागलं. पुढचं मी ऐकलेलं सांगते. सतरावा स्फोट मध्यंतरानंतर आहे. तो झाला, आणि त्याच्या मागोमाग एक वेगळा आवाज आला. स्पीकरचा नव्हे, लाकडाचा. मी लाकूड आहे, मला तो फरक कळतो. माझी कडी निखळून खाली पडली. दाराखालून पांढरी धूळ व्हरांड्यात आली.

आणि आतून टाळ्या! शिट्ट्या! कुणीतरी ओरडलं, "याला म्हणतात इफेक्ट!"

सिनेमा थांबला नाही. साहेब धावत आत गेले, बाहेर आले, त्यांच्यामागून काका. काकांच्या हातातली बॅटरी पेटलेलीच होती आणि तिचा उजेड माझ्या खांबावर पडला होता.

"कुणाला लागलं?"

"नाही, साहेब. रांग रिकामी होती."

"मग झालं तर! कशाला तोंड एवढंसं करताय?"

काकी मेहुणीचा हात धरून बाहेर आल्या. पदरावर, केसांवर पांढरं. त्यांनी मुठीतले पास उलगडले, सातवी रांग, अकरा, बारा, असं ओठांनी वाचलं आणि काकांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना सांगा ना."

त्याच संध्याकाळी काकांनी रीतसर अर्ज केला. 'खुर्च्यांच्या दुसऱ्या भागाचे छत दुरुस्त होईपर्यंत तो भाग बंद ठेवावा.' खाली नाव, सही, नोकरीची वर्षं. साहेबांनी तो मालकांकडे पाठवला आणि समासात शेरा मारला : 'प्रेक्षकांची तक्रार नाही. उलट दुसऱ्या भागाविषयी अभिप्राय अत्यंत अनुकूल. सोबत गठ्ठा जोडला आहे.' त्या गठ्ठ्यात नव्या चिठ्ठ्याही होत्या. 'दुसऱ्या भागात खरोखर अंगावर येतं. इतर थिएटरांनी शिकावं.' 'मित्राला घेऊन पुन्हा येतोय, सातवी रांग मिळावी.'

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. सिनेमा आवडला तर सिनेमाचं नाव लिहा. छताची भीती वाटली तर छत असं लिहा, कोणत्या दारातून आत गेलात ते लिहा, आणि खाली तुमचं नाव घाला. मी मालकांशी बोलू शकत नाही. माझ्या तोंडातून गोष्टी फक्त आत जातात.

सद्यस्थिती अशी. पडलेल्या तक्त्याच्या शेजारचे दोन तक्ते खाली आले आहेत. टाकी झिरपते आहे. काका रोज प्रत्येक खेळाआधी दोरी बांधतात आणि गर्दी वाढली की साहेब ती सोडायला लावतात. येत्या रविवारचे चारही खेळ हाऊसफुल्ल आहेत, सातव्या रांगेसकट. अर्ज करून आज एकोणीस दिवस झाले. काल काकांनी चौकशी केली.

अर्ज विचाराधीन आहे.