डायक्लोरिडो आधी की टेट्राअमाइन?

सकाळी रिकाम्या वर्गात फळा पुसायला म्हणून केमिस्ट्रीच्या मॅडमनी डस्टर उचललं, आणि हात तसाच राहिला. आदल्या दिवशी घाईघाईत दिलेलं शेवटचं उदाहरण फळ्यावर होतं. कोबाल्टभोवती चार अमोनिया, दोन क्लोरीन. खाली त्यांच्याच अक्षरात नाव: डायक्लोरिडोटेट्राअमाइन...

नाव चुकलं होतं. नाव लिहिताना इंग्रजी अक्षरक्रमाने अमाइनचा 'ए' आधी, क्लोरिडोचा 'सी' नंतर. डाय, टेट्रा हे नुसते आकडे, क्रम लावताना ते धरायचेच नसतात. बसलेल्या घशाने, डोकं दुखत असताना, त्यांनी नेमके तेच धरले होते. आणि मुलं आत्ता प्रवेश परीक्षेचा पेपर सोडवत होती, फोन बाहेर ठेवून.

मॅडम तशाच केंद्रावर गेल्या. फाटकाशी पालकांची गर्दी होती. कोणाशी बोलायचा त्यांना धीर होईना. सगळ्यात जास्त काळजी वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलाची होती. तो पोरगा मॅडमनी सांगितलं की डोळे मिटून लिहून घ्यायचा. भाचीही त्याच वर्गात होती. बहिणीला काय तोंड दाखवायचं?

घंटा झाली. भाची बाहेर आली ती पाण्याची बाटली तोंडाला लावूनच.

"नावं लिहायचा प्रश्न होता?" मॅडमनी बसक्या आवाजात विचारलं.

"होता की. कालच्यासारखाच."

"काय लिहिलंस?"

"टेट्राअमाइन आधी." भाचीने बाटलीचं झाकण लावलं. "मावशी, काल तुझं चुकलं होतं."

"तुला कळलं होतं?"

"आधी चष्मेवाल्याला कळलं. त्याने संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. म्हणाला, मॅडमनी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलंय, आकडा बघू नका, अक्षर बघा. आज त्यांना बरं नाही, तेव्हा वर्षभराचंच धरा."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"तुझा आवाज फुटत नव्हता. म्हटलं, झोपू दे."

मॅडम तिथेच कठड्यावर टेकल्या. छातीवरचा धोंडा उतरला तशी भूक लागल्याचंही जाणवलं. समोरून चष्मेवाला आला, त्यांना बघून जरा बिचकला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला गेल्या, पण घशातून खरखरच निघाली. तो हसला.

मग खाकरून त्यांनी भाचीकडे वळून विचारलं, "बाकीचा पेपर कसा गेला गं?"

"आता आठवलं होय तुला?" भाची म्हणाली. "सोपा होता. चल, आधी काहीतरी खाऊ या."